काळ्या पायरीचं ब्लेड

लग्न होऊन विनिता भिवंडीजवळ राहनाळला आली त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत सासरे आपल्याशी धड चार वाक्यं बोलले नाहीत, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. सकाळी ती चहा ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, चहा." केसरीनाथ भिंतीकडे बघत बसलेले असायचे. कप समोर दिसला की उचलायचे. "बाबा, जेवायला वाढू?" उत्तर नाही. सुरुवातीला तिला वाटलं, माणूस अबोल असेल. मग दिसायला लागलं की दगडाच्या कामावरचा साथीदार दौलत आला की तेच सासरे खो खो हसतात, गवंड्यांशी तासतास बोलतात. म्हणजे अडचण बोलण्याची नव्हती, आपली होती. माहेरी खारबावला गेली तेव्हा आईपाशी ती यावरून एकदा रडलीही होती.

घरात कमी काही नव्हतं. भाताच्या शेतांच्या जागी आता गोदामं उभी होती. त्यांचं सगळं मनोज, म्हणजे तिचा नवरा, बघायचा. केसरीनाथांनी मात्र कोपऱ्यातला एक तुकडा कुणाला दिला नव्हता. तिथे पत्र्याची शेड घालून ते दगड कापायचे. तरुणपणी खाणीवर गेलेले, तेव्हापासून हाताला दगडाची सवय. छप्पन्न वर्षांच्या बापाने दिवसभर धुळीत उभं राहावं हे मनोजला पटत नसे. "पप्पा, ही जागा मोकळी करून द्या, उद्या भाडेकरू येईल," असं तो महिन्यातून एकदा तरी म्हणायचा. केसरीनाथ हात झटकून शेडकडे चालू लागायचे.

शेडमधला फोन विनिताकडे होता. ती बी.कॉम. झालेली, आणि केसरीनाथ फोन घेत नसत. "मना फोनवर बोलाला आवडत न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे रोज अकरा ते एक ती शेडच्या दाराशी टेबल मांडून बसायची. लाइट कधी जाणार, कधी येणार, त्यावर कामाची वेळ ठरे. भिवंडीत तेव्हा भारनियमन रोजचंच होतं. तिथे बसल्याबसल्या तिला दगडांची नावं पाठ झाली, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली ब्लेडंही ओळखीची झाली.

लोक केसरीनाथांकडे दगड कापायला यायचे तसेच नुसतं विचारायलाही यायचे. एकदा निजामपुऱ्यात कुणाच्या घराचं काम करणारा एक गवंडी झिजून कागदासारखं झालेलं ब्लेड घेऊन आला. "चाचा, दो दिन में खतम हो गया. दुकानदार ने फसाया."

केसरीनाथांनी ब्लेडच्या काठावरून अंगठा फिरवला. "लाल पत्थर काटा ना? राजस्थानवाला?"

"हां."

"उसमें रेती है. रेती लोहे को खाती है. ये ब्लेड ग्रॅनाइट का है, इसका लोहा नरम. नरम पत्थर को कडक ब्लेड लगाव, और कडक पत्थर को नरम."

गवंडी हसला. त्याला वाटलं म्हातारा उलटं बोलतोय. मग केसरीनाथांनी त्याला जवळ बसवून सांगितलं. ब्लेडच्या काठावर जे तुकडे बसवलेले असतात त्यांत धातूच्या पोटात हिऱ्याची बारीक कणी असते. कापते ती कणी. कडक दगडावर ती लवकर बोथट होते, म्हणून धातू नरम हवा. तो झिजला की बोथट कणी गळून पडते आणि खालची ताजी वर येते. धातू कडक असेल तर बोथट कणी तशीच चिकटून राहते. मग ब्लेड कापत नाही, नुसतं घासतं, आणि तापतं.

नवीन ब्लेड आलं की केसरीनाथ त्याच्या खोक्यावर काय छापलंय ते वाचतही नसत. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या कडेला अर्धा इंच चीर घ्यायची आणि मान तिरकी करून ऐकायचं. ब्लेड दगडाला मानवलं तर भरीव, घुमता आवाज येतो. नाही मानवलं तर त्या आवाजाच्या वर एक बारीक किंकाळी चढते. त्या आवाजावर ते ब्लेड ठेवत किंवा उतरवत. दौलत शेजारी उभा असायचा. दहा वर्षांचा त्यांचा साथीदार, चाळिशीचा, घोगऱ्या आवाजाचा, रोज खारबावहून सायकलने येणारा.

त्या वर्षी दिवाळीनंतर शुभदाबाईंचा फोन आला. त्या गावातल्या जुन्या मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेची जुनी इमारत पाडून नवीन बांधली होती, आणि जुन्या दाराची काळ्या दगडाची सात फुटी पायरी बाईंनी पाडणाऱ्यांकडून मागून घेतली होती. अडतीस वर्षं त्या तिच्यावरून चढल्या-उतरल्या होत्या. मुलांच्या पायांनी पायरी मधोमध खोलगट झाली होती. नवीन दार पाच फुटी, तेव्हा पायरी कापून तिथे बसवायची होती.

"केसरीनाथला सांग, शुभदाबाईंचं काम आहे," त्या विनिताला म्हणाल्या. "माझ्या वर्गात होता तो. सातवीनंतर शाळा सोडली. मी घरी आले होते त्याच्या, पाठवा म्हणून सांगायला."

विनिताने हे सासऱ्यांना सांगितलं. ते नेहमीसारखे दगडाकडे बघत राहिले. शेवटी दौलतने तेच पुन्हा सांगितलं आणि केसरीनाथांचा चेहरा उजळला. "बाईंची पायरी? आपली साळंची पायरी?" विनिता टेबलाशी जाऊन बसली. एकच गोष्ट आपण सांगितली तर ऐकू येत नाही, आणि दौलतने सांगितली तर आनंद होतो.

पायरी ट्रॉलीवर चढवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी दौलत रजेवर होता. मुलीच्या शाळेत दाखल्याचं काही काम होतं. "दादा, पायरी मी आल्यावर कापू," असं तो दोनदा म्हणून गेला. केसरीनाथांना मात्र धीर धरवेना. काळ्या दगडाचं जुनं ब्लेड संपत आलं होतं, दोन नवीन येऊन पडली होती. त्यांनी एक चढवलं, कडेला चीर घेतली, मान तिरकी केली, आणि मान हलवली. ठीक आहे.

अकराला विनिता चहा घेऊन आली तेव्हा शेडच्या बाहेरूनच तिच्या दातांतून कळ गेली. आतून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी किंकाळी येत होती. ब्लेड पायरीत बोटभरच शिरलं होतं. त्यावर सोडलेल्या पाण्याची वाफ होत होती, आणि केसरीनाथ शांतपणे ट्रॉलीचा दांडा पुढे रेटत होते.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, थांबा!"

त्यांनी मान वळवली नाही. ती आणखी जवळ गेली, पुन्हा पुन्हा ओरडली. ब्लेड आता डुगडुगत होतं. सासऱ्यांच्या अंगाला हात लावून ओढावं, हे तिला त्या क्षणीही सुचलं नाही. ती धावत भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली पाडला.

तेवढ्यात काहीतरी सुटून सणकन पत्र्यावर आदळलं. फिरतं ब्लेड चिरेत अडकून थांबलं आणि पायरी कडाडली. एक तिरकी भेग रुंदीतून या कडेपासून त्या कडेपर्यंत धावत गेली आणि सात फुटी दगडाचे दोन तुकडे झाले.

"कोणी बंद केली?" केसरीनाथ गर्रकन वळले. विनिताला पाहून त्यांचा चेहरा लाल झाला. "तू? तुना काय कलतं यातलं? चालू मशिन बंद करतात? बाईंची पायरी फोडलीस तू!"

तिने नुसतं बोट दाखवलं. केसरीनाथांनी तिकडे पाहिलं. ब्लेडच्या काठावरचा एक तुकडा निखळून, ते उभे होते त्याच्या मागच्या पत्र्यात घुसला होता, त्यांच्या मानेच्या उंचीवर. ते ब्लेडपाशी गेले. काठ निळा पडला होता, आरशासारखा गुळगुळीत झाला होता. अशा ब्लेडने काय कापणार? आणि हे ओरडत असणार, चांगलं पाच-दहा मिनिटं ओरडत असणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

"बाबा, मी पाच हाका मारल्या," विनिता म्हणाली.

"काय?"

"पाच हाका मारल्या तुम्हाला."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. डोळे बारीक करून, अगदी लक्ष देऊन. आणि विनिताला एकदम कळलं. दोन वर्षांचा चहा, जेवण, फोन, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज जाड करून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नाही?"

केसरीनाथ खाली विटांच्या थप्पीवर बसले. पंच्याने हात पुसत राहिले.

"मना वाटायचं," ते म्हणाले, "तू मोठ्यानं बोलतच न्हाय. नुसती ओठ हालवतं. शिकलेली पोर हाय, सातवी पास सासऱ्याशी काय बोलल, असं वाटायचं."

"मी रोज बोलते, बाबा."

"रोज?"

"रोज."

त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. विनिताने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. चहा निवला होता. दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

दौलत दुसऱ्या दिवशी आला. पायरीचे तुकडे आणि पत्र्याचं भोक बघून त्याने डोक्याला हात लावला. "म्हनून सांगत होतो ना दादा, मी आल्यावर कापू!"

केसरीनाथांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुला ठावं होतं?"

दौलत पत्र्याच्या भोकाकडे बघायला लागला.

"कवापासून?"

"तीन वर्सं जाली," दौलत पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला. "ब्लेड ओरडाला लागलं का मी पान्याचा पाइप बघाचं नाव करून तुमच्या खांद्याला हात लावाचो. तुम्ही समजून मागं घ्यायचा. नवीन ब्लेड असलं का मीच म्हनाचो, दादा, दुसरं बघू. जाड आवाज येतो तुम्हाला. बारीक न्हाय येत."

"आनि सांगलं न्हाय मना?"

"सांगलं असतं तर मनोजभाऊनी त्याच दिवशी मशिन इकली असती. तुम्ही गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसला असता." मग म्हणाला, "आनि मी कुठं गेलो असतो, दादा? माझंबी होतंच की त्यात."

केसरीनाथ त्याच्यावर चिडले, शिवी घातली, शेडबाहेर जाऊन उभे राहिले. फोनवर नीट ऐकू येत नाही एवढंच आपण लपवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि इथे तीन वर्षं दुसराच कुणी त्यांच्यासाठी लपवत होता. अर्ध्या तासाने ते आत आले आणि दौलतला म्हणाले, "चल, तुकडं उचलाला हात लाव."

घरी गोष्ट लपणं शक्यच नव्हतं. जानकीबाई, विनिताच्या सासू, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मना वाटलं, मी बोलतं ते मुद्दाम टालतान. पस्तीस वर्सांचा संसार, नवरे तसं करतातच." मनोज मात्र ओरडला. मशिन बंद, आजच्या आज. विनिता मधे पडली. आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मग ठरवू. ठाण्याच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे रेघ बरी चालली होती, उजवीकडे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. वर्षानुवर्षं मशिनच्या आवाजात उभं राहिल्याने बारीक आवाज गेले होते, ते परत यायचे नव्हते. कानात घालायच्या यंत्राने घरात बोलणं ऐकू येईल, पण शेडमध्ये ते काढून ठेवावं लागेल. आणि जे कुणी शेडमध्ये उभं राहील त्याने कान झाकायचे. मनोजने परतताना दुकानातून कानावर लावायची तीन झाकणं घेतली आणि बापाशी न बोलता ती शेडमधल्या खिळ्याला अडकवली.

आता बाईंना सांगायचं राहिलं होतं.

"दगडात जुनी भेग व्हती असं सांगू," दौलत म्हणाला. "काल्या दगडात असतेच. कुनाला कललं?"

स्विच विनिताने पाडला होता, आणि ते वाक्य आठ दिवस तिच्या कानात घोळत होतं. बाईंची पायरी फोडलीस तू.

शुभदाबाई रिक्षाने आल्या. उंच, काठी टेकत चालणाऱ्या, सत्तरीकडे झुकलेल्या. पायरीचे तुकडे पाहून त्या वाकल्या आणि मधल्या खोलगट जागेवर, जिथून भेग गेली होती तिथे, त्यांनी हात ठेवला.

"बाई," केसरीनाथ म्हणाले, "दगड चांगला व्हता. मी चुकीचं ब्लेड लावलं. ब्लेड ओरडत व्हतं, मना ऐकू आलं न्हाय. मना बारीक आवाज ऐकू येत न्हाय, बाई. ही माझी सून, हिनं मशिन बंद केली म्हनून मी जिता हाय. पायरी हिनं न्हाय फोडली. मी फोडली."

विनिताने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला पदर सापडेना.

बाईंना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मी सगळ्यांना सांगून बसले होते रे, जुनी पायरी नव्या दाराला बसणार म्हणून," त्या म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, प्यायल्या. जरा वेळाने विचारलं, "लांबी किती राहिलीय?"

"एक तीन फूट, एक चार. टोकं साफ केल्यावर आनखी कमी भरतील."

"दाराला नाही पुरायची मग." त्या विचार करत राहिल्या. "पाण्याच्या नळांखाली बसतील का? नळ उंच लावलेत, पहिली-दुसरीच्या मुलांचे हात पोचत नाहीत. उड्या मारतात बिचारी."

"बसतील," केसरीनाथ म्हणाले. "पन कडा सरळ कापाव्या लागतील."

त्यासाठी पुन्हा ब्लेड निवडायचं होतं. केसरीनाथ भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांचा हात खिळ्यापर्यंत जाऊन थांबला. मग ते वळून विनिताला म्हणाले, "तू ऐक."

"मी?"

"तुझा कान चांगला हाय. त्या दिवशी भाईरून ऐकलंस ना."

दौलतने एकेक ब्लेड चढवलं. मोडक्या टोकाला प्रत्येक ब्लेडने एक चीर घेतली. विनिताने तेवढ्यापुरते झाकण न लावता कान उघडे ठेवले, मागे हातांच्या ओंजळी धरून. पहिलं, जुनं झिजलेलं, मधूनच कुकरची शिट्टी लांब कुठे वाजावी तसं करत होतं. दुसऱ्याचा आवाज मोठा, खरखरीत. तिसऱ्याचा अगदी कमी. ती म्हणाली, "तिसरं. ते आवाजच करत नाही."

केसरीनाथांनी तिसऱ्या चिरेखालच्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते तिच्यासमोर धरलं. पाणी जवळजवळ स्वच्छ होतं. "बघ. गाळ कुठं हाय? ते गप्प हाय कारन ते कापतच न्हाय. वरवर फिरतंय. जरा रेटलं का मंग ओरडल. आता दुसऱ्याचं बघ."

दुसऱ्या चिरेखाली राखाडी गाळ साचला होता. विनिताने बोटांनी चोळून पाहिला. रव्यासारखी बारीक कणी लागत होती.

"मोठा आवाज वाईट न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या वर बारीक किंकाळी चढते का, ते ऐकाचं. परत ऐक."

दौलतने दुसरं ब्लेड पुन्हा चढवलं, चीर आणखी खोल नेली. विनिता डोळे मिटून उभी राहिली. खरखर होती, घुमत होती, पण वर काही नव्हतं. ती मिनिटभर थांबली, आणखी मिनिटभर, आणि मग सासऱ्यांकडे बघून तिने मान हलवली. त्यांनीही गाळात बोट घातलं आणि मान हलवली.

दोन्ही तुकड्यांची टोकं कापायला अख्खी सकाळ लागली. दांडा दौलतकडे होता. एकदा तिला कानाच्या झाकणातूनही आवाज बारीक झाल्यासारखा वाटला. तिने हात वर केला, दौलतने लगेच मागे घेतलं. केसरीनाथांनी ब्लेड एका विटेवरून तीन-चारदा फिरवून बोथट कणी झाडली, काठ मोकळा केला, आणि काम पुढे सुरू झालं. बारा वाजता लाइट गेली तेव्हा शेवटची कड कापून झाली होती. घाई न करताही वेळेत झालं, याचाच दौलतला जास्त आनंद झाला होता.

नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा दगड बसवून झाले होते. बाईंनी तिघांनाही बोलावलं होतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं नळांकडे धावत सुटली. पहिलीतली एक मुलगी काळ्या दगडावर चढली, खोलगट जागेत दोन्ही पाय रोवले, ओंजळीने पाणी प्यायली आणि उरलेलं मैत्रिणीच्या अंगावर उडवलं. त्यावरून भांडण झालं. शिक्षक ओरडले. कुणाचं दगडांकडे लक्षही नव्हतं.

शुभदाबाई काठी टेकत केसरीनाथांपाशी आल्या आणि काहीतरी म्हणाल्या. वयामुळे त्यांचा आवाज आता बारीक, कापरा झाला होता. भोवती मुलांचा गोंगाट. केसरीनाथांच्या कानात नवीन यंत्र होतं, पण त्यात नुसता गलकाच भरला होता. पूर्वी असते तर ते हसून, मान हलवून मोकळे झाले असते. आजूबाजूला शाळेचे चार शिक्षक उभे होते, मनोजही आला होता.

"बाई, परत सांगा," ते मोठ्याने म्हणाले. "मना ऐकू आलं न्हाय."

बाई दोन पावलं पुढे आल्या, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि वर्गात फळ्यापाशी उभ्या असाव्यात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "केसरीनाथ, पाणी पिऊन जा!"

मुलं हसली. केसरीनाथही हसले आणि चपला काढून नळाकडे निघाले.